पाटोदा ते न्यूयॉर्क : अंतर एकच, वेळ मात्र वेगवेगळी

बीड जिल्ह्यातील पाटोदा तालुक्याला दूरच्या प्रवासाचे नवल नाही. दसरा-दिवाळी सरली की येथील ऊसतोड कामगारांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे रवाना होतात. शिक्षण आणि नोकरीसाठी पुणे-मुंबई गाठणाऱ्यांची संख्याही मोठी आहे. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत मराठवाड्यातील लहान गावांमधील मुले-मुली त्याही पुढे, थेट अमेरिका-युरोपपर्यंत पोहोचली. अशा घरात वडीलधारे माणूस गंभीर आजारी पडले किंवा काही विपरीत घडले, की जमलेल्या नातेवाइकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘तो तिकडून निघाला, तर किती तासांत पोहोचेल?’

या प्रश्नाच्या उत्तरावर पुष्कळ काही अवलंबून असते. शस्त्रक्रियेला कोणी संमती द्यायची, अंत्यविधी थांबवायचा की नाही, असे निर्णय त्यावरून होतात. संगणकावर दोन शहरांची नावे टाकली की उत्तर क्षणात मिळते : मुंबई ते न्यूयॉर्क हवाई अंतर सुमारे १२,५४० किलोमीटर, उड्डाणाचा वेळ सुमारे १४ तास. हे आकडे चुकीचे नाहीत. मात्र ते आकाशातील प्रवासाचे आहेत, घरापासून घरापर्यंतच्या प्रवासाचे नव्हेत. हा फरक कसा पडतो, हे समजून घेतले तर ऐनवेळी होणारी घालमेल बरीच कमी होऊ शकते.

सरळ रेषा आणि प्रत्यक्ष वाट

अंतर मोजण्याच्या दोन पद्धतींमधील तफावत पाटोदेकरांना मांजरा नदीवरून सहज कळेल. पाटोदा तालुक्यातील गवळवाडीजवळ बालाघाटच्या डोंगररांगांत उगम पावणारी ही नदी सुमारे ७२४ किलोमीटर वाहत जाऊन तेलंगणातील कंदकुर्तीजवळ गोदावरीला मिळते. मात्र नकाशावर पाटोदा आणि कंदकुर्ती यांच्यामध्ये पट्टी ठेवली, तर दोहोंमधील अंतर अडीचशे किलोमीटरच्या आसपास भरते. नदी उताराप्रमाणे वळणे घेते, रस्ता डोंगर आणि गावे पाहून वळतो. विमानाला मात्र सरळ जाण्याची मुभा असते, असे आपण गृहीत धरतो.

ही सरळ रेषाही दिसते तितकी सरळ नसते. भिंतीवरच्या सपाट नकाशात मुंबई आणि न्यूयॉर्क रेषेने जोडली, तर ती अरबस्तान, उत्तर आफ्रिका आणि अटलांटिक महासागर ओलांडून जाताना दिसते. पृथ्वी गोल असल्यामुळे हा सर्वांत जवळचा मार्ग ठरत नाही. शाळेतील पृथ्वीगोलावर या दोन शहरांमध्ये दोरा ताणून धरला, तर तो उत्तरेकडे सरकतो. मुंबईहून निघालेली ही रेषा पश्चिमेपेक्षा उत्तरेकडे अधिक झुकते, पाकिस्तान, अफगाणिस्तान, मध्य आशिया आणि रशियावरून वर चढते, आइसलँडच्या पूर्वेला ६५ अंश उत्तर अक्षांशाच्या जवळ पोहोचते आणि मग खाली उतरत अमेरिकेच्या किनाऱ्याला लागते. भूगोलाच्या परिभाषेत या मार्गाला ‘बृहद्वृत्त’ म्हणतात. संगणक दाखवतो ते १२,५४० किलोमीटर अंतर याच रेषेवर मोजलेले असते.

याचा एक गमतीचा परिणाम पाटोद्यापुरता पाहता येतो. पाटोदा मुंबईच्या पूर्वेला, सरळ रेषेत सुमारे २७५ किलोमीटरवर आहे. म्हणजे ते न्यूयॉर्कपासूनही तेवढेच अधिक दूर असावे, असे वाटते. प्रत्यक्षात पाटोदा ते न्यूयॉर्क हे अंतर मुंबईहून मोजलेल्या अंतरापेक्षा केवळ दीडशे किलोमीटरने अधिक भरते. कारण वाट पश्चिमेकडे नसून बरीचशी उत्तरेकडे आहे. थोडक्यात, आकाशातून पाहिले तर पाटोदा आणि मुंबई यांच्यातील फरक नगण्य आहे. जमिनीवर उतरल्यावर मात्र तो फार मोठा होतो.

साध्या भागाकारातून वेळ का मिळत नाही?

लांब पल्ल्याची आधुनिक प्रवासी विमाने जमिनीपासून दहा ते बारा किलोमीटर उंचीवरून ताशी सुमारे ९०० किलोमीटर वेगाने उडतात. १२,५४० ला ९०० ने भागले की १४ तास येतात. प्रत्यक्षात मुंबईहून न्यूयॉर्कला थेट जाण्यास सुमारे १६ तास लागतात, तर तिकडून येताना साधारण साडेचौदा तास पुरतात. अंतर तेच, विमान तेच, वेळेत मात्र दीड तासाचा फरक.

त्याची काही कारणे किरकोळ आहेत. वेळापत्रकातील वेळ चाके जमिनीवरून सुटल्यापासून मोजली जात नाही. विमान आपल्या जागेवरून हलले तेव्हापासून ते दुसऱ्या विमानतळावर जागेवर उभे राहीपर्यंतची ती वेळ असते. धावपट्टीपर्यंतचा संथ प्रवास, उड्डाणासाठीची रांग, उतरण्यापूर्वी घातलेल्या घिरट्या, हे सारे त्यात येते. शिवाय उंची गाठताना आणि खाली येताना विमानाचा वेग कमी असतो. मुख्य कारण मात्र वेगळेच आहे आणि ते म्हणजे वारा.

वाऱ्याचा हिशेब

उत्तर गोलार्धात विमाने ज्या उंचीवरून उडतात, तेथे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणाऱ्या अतिवेगवान वाऱ्यांचे पट्टे असतात. त्यांना ‘जेट स्ट्रीम’ म्हणतात. त्यांचा वेग ताशी दीडशे किलोमीटरहून अधिक असू शकतो, हिवाळ्यात तो आणखी वाढतो. पूर्वेकडे येणाऱ्या विमानाला हा वारा पाठीमागून ढकलतो, पश्चिमेकडे जाणाऱ्याला तो समोरून अडवतो. भरल्या नदीत प्रवाहाबरोबर आणि प्रवाहाविरुद्ध होडी वल्हवण्यात जो फरक असतो, तोच येथे असतो.

पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते म्हणून पश्चिमेकडे जाणारे विमान लवकर पोहोचायला हवे, असा एक समज आढळतो. तो चुकीचा आहे. पृथ्वीबरोबर तिचे वातावरणही फिरत असते आणि विमान त्या वातावरणातच उडत असते. त्यामुळे पृथ्वीच्या फिरण्याचा थेट फायदा वा तोटा होत नाही.

वाऱ्याची ताकद किती असते, याचे उदाहरण ९ फेब्रुवारी २०२० रोजी पाहायला मिळाले. ‘सियारा’ वादळामुळे अटलांटिकवरील वारे विलक्षण वेगवान झाले होते. त्या दिवशी ब्रिटिश एअरवेजचे एक विमान न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोहोचले. एरवी या प्रवासाला सात तासांच्या आसपास लागतात.

भारतातील उदाहरण त्याहूनही बोलके आहे. एअर इंडियाचे दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान पूर्वी युरोप आणि अटलांटिक ओलांडून जात असे. हे अंतर सुमारे १३,९०० किलोमीटर होते. ऑक्टोबर २०१६ मध्ये कंपनीने हे विमान उलट दिशेने, म्हणजे पूर्वेकडे प्रशांत महासागरावरून नेले. अंतर सुमारे १५,३०० किलोमीटर झाले; तब्बल १,४०० किलोमीटर वाढले. तरीही विमान सुमारे साडेचौदा तासांत पोहोचले आणि जवळपास दोन तास वाचले. वारा पाठीशी असला की लांबची वाटही जवळची ठरते, हे यातून सिद्ध झाले. म्हणूनच विमानाचा मार्ग दररोज, त्या दिवशीच्या वाऱ्याचा अंदाज घेऊन नव्याने आखला जातो.

आकाशालाही सरहद्दी असतात

वारा निसर्गाचा असतो, मात्र काही अडथळे माणसाने निर्माण केलेले असतात. प्रत्येक देशाच्या भूमीवरील आकाश त्या देशाच्या मालकीचे असते. त्यातून जाण्यास परवानगी लागते आणि ती नाकारता येते. बालाकोट कारवाईनंतर पाकिस्तानने फेब्रुवारी २०१९ च्या अखेरीस आपले आकाश बंद केले, ते पूर्णपणे खुले होण्यास १६ जुलै २०१९ उजाडला. पहलगाम येथील दहशतवादी हल्ल्यानंतर, २४ एप्रिल २०२५ रोजी, पाकिस्तानने भारतीय विमान कंपन्यांसाठी आपले आकाश पुन्हा बंद केले आणि पुढे या बंदीची मुदत महिन्यामागून महिने वाढवली गेली. जून २०२५ मध्ये इराण-इस्रायल संघर्षामुळे पश्चिम आशियातील अनेक देशांच्या आकाशातील वाहतूकही काही काळ थांबली होती.

असा मार्ग बंद झाला की विमानाला वळसा घालावा लागतो. वळसा म्हणजे अधिक वेळ, अधिक इंधन, आणि कधी कधी वाटेत इंधन भरण्यासाठी उतरण्याची वेळ. याचा सर्वाधिक फटका दिल्लीहून पश्चिमेकडे जाणाऱ्या विमानांना बसतो. एअर इंडियाने १ सप्टेंबर २०२५ पासून दिल्ली-वॉशिंग्टन सेवा स्थगित केली, तेव्हा दिलेल्या कारणांत पाकिस्तानचे बंद आकाश हेही एक होते. मुंबईहून निघणाऱ्या विमानांना अरबी समुद्रावरून ओमानच्या दिशेने जाता येते, त्यामुळे त्यांचा वळसा तुलनेने लहान असतो. तरीही वर सांगितलेली दोऱ्याची सरळ रेषा त्यांना मिळत नाहीच.

तिकिटावरील वेळ कशी वाचावी?

तिकिटावर छापलेल्या वेळा नेहमी त्या त्या ठिकाणच्या स्थानिक घड्याळाप्रमाणे असतात. येथे अनेकांची फसगत होते. न्यूयॉर्कचे घड्याळ भारतापेक्षा हिवाळ्यात साडेदहा तास, तर उन्हाळ्यात साडेनऊ तास मागे असते. कारण उन्हाळ्यात तेथे घड्याळे एक तास पुढे केली जातात.

समजा, एखादे विमान हिवाळ्यात मुंबईहून रात्री दीड वाजता निघाले आणि १६ तास उडाले. न्यूयॉर्कला ते त्याच दिवशी सकाळी सात वाजता उतरेल. तिकीट पाहणाऱ्याला हा साडेपाच तासांचा प्रवास वाटेल. उलट दिशेने, न्यूयॉर्कहून सोमवारी दुपारी बारा वाजता निघालेले विमान साडेचौदा तास उडून मुंबईत मंगळवारी दुपारी एक वाजता उतरेल. कागदावर हे २५ तास दिसतात. खरा प्रवास काढायचा असेल तर दोन्ही वेळा आधी भारतीय वेळेत बदलून घ्याव्यात आणि मगच वजाबाकी करावी. रात्री बारानंतर सुटणाऱ्या विमानाची तारीख पाहताना तर विशेष काळजी घ्यावी लागते. ‘पंधरा तारखेला रात्री एक वाजता’ याचा अर्थ चौदा तारखेच्या जेवणानंतरची रात्र, हे लक्षात न आल्याने विमान चुकण्याची भीती असते.

आकाश जवळ आले

गेल्या पाऊणशे वर्षांत हवेतील प्रवासाची वेळ किती घटली, हे पाहण्यासारखे आहे. एअर इंडियाचे पहिले आंतरराष्ट्रीय विमान ‘मलबार प्रिन्सेस’ ८ जून १९४८ च्या रात्री मुंबईहून लंडनला निघाले. कैरो आणि जिनिव्हा येथे थांबत ते १० जूनला लंडनला पोहोचले. आज मुंबई-लंडन हे सुमारे ७,२०० किलोमीटरचे अंतर थेट विमान साडेनऊ-दहा तासांत कापते. न्यूयॉर्कची सेवा एअर इंडियाने मे १९६० मध्ये बोइंग ७०७ या जेट विमानाने, लंडनमार्गे सुरू केली. मुंबईहून न्यूयॉर्कला कोठेही न थांबता जाणारे एअर इंडियाचे विमान सुरू होण्यास मात्र ऑगस्ट २००७ उजाडला. आता सिंगापूरहून न्यूयॉर्कला, म्हणजे पंधरा हजार किलोमीटरहून अधिक अंतर, एका दमात उडणारी विमाने आहेत.

यापुढे हवेतील वेळ फारशी कमी होण्याची चिन्हे नाहीत. प्रवासी विमानांचा वेग १९६० च्या दशकात होता, साधारण तेवढाच आजही आहे. विमाने अधिक लांब उडू लागली, इंधन कमी जाळू लागली. वेग मात्र तोच राहिला. त्यामुळे घरापासून घरापर्यंतचा वेळ वाचवायचा असेल, तर तो जमिनीवरच वाचवावा लागणार आहे.

शेवटचे पावणेचारशे किलोमीटर

पाटोद्याची खरी अडचण येथे सुरू होते. मुंबई विमानतळापासून पुणे, अहिल्यानगरमार्गे पाटोदा सुमारे पावणेचारशे किलोमीटर आहे. विमानाच्या वेगाने पाटोद्यापर्यंतचे सरळ अंतर अठरा-वीस मिनिटांचे आहे. रस्त्याने याच प्रवासाला आठ ते नऊ तास लागतात. न्यूयॉर्क-पाटोदा प्रवासात अंतराच्या दृष्टीने या टप्प्याचा वाटा शेकडा तीनच्या आसपास आहे. वेळेच्या दृष्टीने मात्र विमानात जितके तास जातात, त्याच्या निम्म्याहून अधिक तास या एका टप्प्यात खर्च होतात.

पर्याय फार नाहीत. बीड जिल्ह्यात प्रवासी विमानसेवा नाही. जवळचा विमानतळ छत्रपती संभाजीनगरचा. तो रस्त्याने पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास आहे आणि तेथून परदेशी जायचे तर आधी मुंबई किंवा दिल्ली गाठावी लागते. पुण्याचा लोहगाव विमानतळ दोनशे किलोमीटरहून थोडा पुढे. त्याची धावपट्टी सुमारे अडीच किलोमीटर लांबीची असल्याने इंधनाने पूर्ण भरलेली मोठी विमाने तेथून उडू शकत नाहीत. साहजिकच अमेरिकेचे थेट विमान पुण्याहून मिळत नाही. नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले आणि २५ डिसेंबर २०२५ पासून तेथून प्रवासी उड्डाणे सुरू झाली. पुण्याच्या बाजूने येणाऱ्या प्रवाशांचा मुंबई शहरातील वाहतूक कोंडीचा वेळ त्यामुळे वाचतो. लांब पल्ल्याची आंतरराष्ट्रीय उड्डाणे तेथून जसजशी सुरू होतील, तसतसा त्याचा फायदा मराठवाड्यालाही होईल.

रेल्वेची कथा सर्वांना ठाऊक आहे. नव्वदच्या दशकात मंजूर झालेल्या अहिल्यानगर-बीड-परळी या २६१ किलोमीटरच्या मार्गावरून बीड शहरात पहिली प्रवासी गाडी धावण्यास मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचा, १७ सप्टेंबर २०२५ चा मुहूर्त लागला. पाटोदा शहर या मार्गावर नाही. तालुक्यातील अंमळनेर (भांड्याचे) येथे मात्र स्थानक झाले. सुरुवातीच्या वेळापत्रकानुसार अहिल्यानगर ते बीड या १६७ किलोमीटरसाठी गाडीला सुमारे साडेपाच तास लागत होते. तेवढ्या वेळात मुंबईहून लंडनला निघालेले विमान निम्म्याहून अधिक वाट कापून गेलेले असते.

वेगवान विमान की जवळचा विमानतळ?

लहान गावातील प्रवाशाने तिकीट काढताना म्हणूनच वेगळा विचार करायला हवा. समजा, न्यूयॉर्कहून मुंबईला थेट विमान साडेचौदा तासांत येते आणि तेथून पाटोद्याला साडेआठ तास लागतात. एकूण २३ तास. दुसरा पर्याय, आखातातील एखाद्या शहरात तीन तास थांबून पुण्याला येणारे विमान मिळाले आणि त्या प्रवासाला साडेअठरा तास लागले. पुण्याहून पाटोद्याला पाच तास धरले तर एकूण साडेतेवीस तास होतात. तिकिटावर चार तासांचा फरक दिसतो, घराच्या उंबरठ्यावर तो अर्ध्या तासाचा उरतो. शिवाय दीर्घ विमान प्रवासानंतर रात्री आठ-नऊ तास गाडीत काढण्याचा त्रास आणि धोका टळतो.

मात्र विमान बदलायचे असेल तर मधल्या थांब्यासाठी पुरेसा वेळ ठेवणे आवश्यक आहे. संपूर्ण प्रवास एकाच तिकिटावर असेल, तर पहिल्या विमानाच्या विलंबामुळे दुसरे चुकल्यास पुढची सोय सहसा कंपनी करते. दोन वेगवेगळी तिकिटे काढली असतील तर ती जबाबदारी प्रवाशावरच येते. घाईच्या प्रवासात हा फरक फार महत्त्वाचा ठरतो.

खरे उत्तर : एकेचाळीस तास

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे वळता येईल. हिवाळ्यातील एखाद्या सोमवारी पहाटे सहा वाजता पाटोद्याहून न्यूयॉर्कला फोन गेला, असे धरू. तेथे तेव्हा रविवारची संध्याकाळ, साडेसात वाजलेले असतात. तिकीट मिळवणे, सामान बांधणे, मुलांची व्यवस्था लावणे यांत रात्र जाते. सोमवारी तेथील दुपारी बाराचे विमान मिळाले, तर सकाळी नऊ वाजता विमानतळावर हजर राहावे लागते. मंगळवारी दुपारी एक वाजता विमान मुंबईत उतरते. पासपोर्ट तपासणी आणि सामान यांत दीड तास जातो. अडीच वाजता गाडी निघते आणि वाटेत अडथळा आला नाही तर रात्री अकराच्या सुमारास पाटोद्याला पोहोचते.

फोन केल्यापासून ४१ तास झाले. त्यांपैकी साडेचौदा तास विमानाचे, उरलेले साडेसव्वीस तास जमिनीवरचे. विमानात जागा मिळाली नाही, वाटेत विमान बदलावे लागले किंवा हवामान बिघडले, तर त्यात आणखी अर्धा दिवस सहज मिळतो.

म्हणून परदेशातील मुलाची वा मुलीची वाट पाहणाऱ्या घराने ‘चौदा तासांत येईल’ असा हिशेब धरू नये. दीड ते दोन दिवस लागतील, असे गृहीत धरून रुग्णालयातील संमती, जवळच्या नातेवाइकांकडील जबाबदाऱ्या आणि पुढची व्यवस्था आखावी. परदेशात राहणाऱ्यांनीही पासपोर्ट आणि व्हिसाची मुदत संपत आली नाही ना, हे अधूनमधून पाहून ठेवावे. कारण त्या कागदांअभावी जाणारा वेळ कोणत्याही वेगवान विमानाने भरून निघत नाही.